ड्युटीच्या आतली सजगता: प्राथमिक आरोग्य सेवेतल्या माणसांसाठी आठ आठवड्यांचं माइंडफुलनेस प्रशिक्षण

रक्तदाब मोजला. पट्टा सोडला, बाही खाली करायला सांगितलं, पेन उचललं आणि आकडा गेला. १४० होता की १५४? पुन्हा मोजावा तर दाराबाहेर रांग, अंदाजाने लिहावा तर मन खात राहतं. प्राथमिक आरोग्य सेवेत काम केलेल्या जवळपास प्रत्येकाला हा क्षण ओळखीचा असतो. डोळ्यांनी पाहिलं होतं, हातांनी केलं होतं, फक्त आपण तिथे नव्हतो. सकाळी ओरडून गेलेल्या नातेवाइकापाशी होतो, संध्याकाळी पाठवायच्या अहवालात होतो, नाहीतर घरी तापाने फणफणलेल्या लेकराजवळ.

गेली काही वर्षं मी परिचारिका, डॉक्टर, औषधनिर्माते, प्रयोगशाळा तंत्रज्ञ आणि घरोघरी फिरणाऱ्या आरोग्यसेविका यांच्यासाठी माइंडफुलनेसची, म्हणजे सजगतेची, सत्रं घेते. पहिल्या सत्रात व्याख्या सांगायच्या आधी हा आकडा हरवण्याचा अनुभव विचारते. हात वर होतातच, आणि मग पुढचं समजावणं सोपं जातं. आपल्या केंद्रात असं प्रशिक्षण सुरू करू पाहणाऱ्यांसाठी हा लेख आहे. ज्यांच्याकडे मुळातच वेळ नाही, त्यांच्या डोक्यावर वेळ खाणारं आणखी एक काम ठेवायचं नाही. सराव कामाच्या आतच बसवायचा. आणि जे दुखणं कामाच्या रचनेचं आहे, ते कुणाच्या श्वासावर ढकलायचं नाही. माझा सगळा आग्रह एवढ्यासाठीच.

आधी शब्द

पाली भाषेतला 'सति' आणि संस्कृतातला 'स्मृती' हे या कल्पनेचं मूळ. आत्ता जे चाललंय त्याचं भान ठेवणं, ते निसटू न देणं. दवाखान्यात ही कल्पना आली ती १९७९ मध्ये. जॉन कबात-झिन यांनी अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात जुनाट दुखण्यांच्या रुग्णांसाठी आठ आठवड्यांचा ताणनिवारण कार्यक्रम सुरू केला. आठवड्यातून एकदा साधारण अडीच तासांचं सत्र, रोज घरी पाऊण तास सराव आणि सहाव्या-सातव्या आठवड्याच्या सुमारास एक अख्खा दिवस मौनात. आज जगभर जे चालतं, त्यातलं बरंचसं याच साच्यातून निघालेलं आहे.

सजगता म्हणजे आत्ताच्या अनुभवाकडे जाणूनबुजून आणि चांगलं-वाईट असा शिक्का न मारता लक्ष देणं. विचार बंद करणं यात नाही. 'माझं मन काही शांत होत नाही, मला हे जमणार नाही' हे वाक्य मी दर सत्रात ऐकते. मन भटकलं, हे लक्षात आलं, परत आणलं: हा एक फेरा म्हणजे एक व्यायाम. वीस वेळा भटकलं आणि वीस वेळा परत आणलं, तर वीस व्यायाम झाले. प्राणायामात आपण श्वास मुद्दाम बदलतो. इथे तो जसा आहे तसा पाहायचा असतो.

हे उपयोगी पडतं का?

पडतं, पण जाहिरातीत सांगतात तेवढं नाही.

अमेरिकेतल्या रॉचेस्टर इथे ७० प्राथमिक सेवा डॉक्टरांसाठी एक वर्षभराचा कार्यक्रम झाला. आठ आठवडे नेमाने सत्रं, मग दहा महिने महिन्यातून एकदा भेट. त्याचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. थकवा घटला, रुग्णाबद्दलची आस्था वाढली, मनःस्थिती सुधारली, आणि हा फरक शेवटपर्यंत टिकला. त्या अभ्यासात तुलनेसाठी दुसरा गट मात्र नव्हता. विस्कॉन्सिनमध्ये ३० जणांवर केलेल्या, २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या छोट्या अभ्यासात एकूण फक्त १८ तासांचं प्रशिक्षण होतं. नऊ महिन्यांनंतरही सुधारणा दिसली, पण इथेही तुलनागट नव्हता. स्पेनमध्ये प्राथमिक सेवेतल्या ६८ जणांवर झालेला २०१४ चा अभ्यास तुलनागटासह होता. २८ तासांच्या प्रशिक्षणानंतर बर्नआउट (कामाच्या ताणाने आतून रितं होणं) आणि मनःस्थिती या दोन्हींत सुधारणा नोंदवली गेली.

आता दुसरी बाजू. ब्रिटनमधल्या वेगवेगळ्या क्षेत्रांतल्या ४६,३३६ कर्मचाऱ्यांच्या माहितीचं विश्लेषण २०२४ मध्ये प्रसिद्ध झालं. माइंडफुलनेस, ताणव्यवस्थापन, अ‍ॅप असे व्यक्तीवर बेतलेले उपक्रम घेतलेले आणि न घेतलेले यांच्या स्वास्थ्यात त्यात फरक आढळला नाही. आणि डॉक्टरांच्या बर्नआउटवरच्या उपायांचा २०१७ मधला एकत्रित आढावा सांगतो, की व्यक्तीला शिकवण्यापेक्षा कामाची रचना बदलणारे उपाय अधिक गुण देतात.

या दोन्ही बाजू एकत्र ठेवल्या की चित्र स्पष्ट होतं. नीट चालवलेलं, गटात घेतलेलं, स्वेच्छेने आलेल्यांचं प्रशिक्षण कामाचं आहे. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत मोबाइलवर पाठवलेली 'रिलॅक्स' व्हिडिओची लिंक कामाची नाही. आणि मनुष्यबळ निम्मं असताना ध्यान शिकवणं म्हणजे दुखणं रेड्याला आणि औषध पखालीला.

पहिली पायरी: दुखतंय काय, ते विचारा

प्रशिक्षण ठरवण्याआधी दोन आठवडे यावर घालवा. या पायरीला कंटाळून थेट 'डोळे मिटा' वर उडी मारणारी केंद्रं मी पाहिली आहेत, आणि तिसऱ्या आठवड्यात रिकाम्या झालेल्या खुर्च्याही.

बर्नआउट म्हणजे नुसतं दमणं नव्हे. क्रिस्टिना मास्लाक आणि सुझन जॅक्सन यांनी १९८१ मध्ये मांडलेल्या मोजपट्टीत त्याची तीन अंगं आहेत. भावनिक थकवा, म्हणजे आतून पार रितं झाल्यासारखं वाटणं. दुरावा, म्हणजे रुग्ण माणूस न राहता 'तो डायबेटिसवाला', 'ती तीन नंबरची' होणं. आणि तिसरं, आपल्या कामाचा काही उपयोगच होत नाही ही भावना. जागतिक आरोग्य संघटनेने रोगांच्या अकराव्या वर्गीकरणात बर्नआउटला आजार म्हटलेलं नाही. तिथे त्याची नोंद न हाताळल्या गेलेल्या कामाच्या जुनाट ताणातून उद्भवणारी, व्यवसायाशी निगडित अवस्था अशी आहे. हा भेद महत्त्वाचा, कारण त्यात मुळाचा पत्ता लिहिलेला आहे: काम.

मास्लाक यांची प्रश्नावली वापरायला परवाना लागतो. छोट्या केंद्रासाठी जागतिक आरोग्य संघटनेची पाच वाक्यांची स्वास्थ्य प्रश्नावली पुरते. गेल्या दोन आठवड्यांत मी आनंदी होते का, शांत होते का, उत्साही होते का, सकाळी ताजीतवानी उठले का, रोजच्या जगण्यात मला रस वाटणाऱ्या गोष्टी होत्या का. प्रत्येकाला ० ते ५ गुण, बेरजेला चारने गुणायचं, म्हणजे शंभरपैकी आकडा मिळतो. ५० च्या खाली असेल तर त्या व्यक्तीशी कुणीतरी निवांत बोलायला हवं. हे निदान नाही, दारावरची टकटक आहे.

कागदावर नाव नको. प्रत्येकाने स्वतःचा एक खुणेचा शब्द लिहावा आणि तो लक्षात ठेवावा, म्हणजे तीन महिन्यांनी तोच कागद जुळवता येतो. ज्याला स्वतःच्या आकड्यावरून बोलावंसं वाटेल त्याने कुणाकडे जायचं, ते त्याच कागदावर खाली छापा. कागद केंद्रप्रमुखांच्या टेबलावर जाता कामा नयेत. ते जातात असा नुसता वास लागला, तरी सगळे ९० गुणांचे आनंदी होतात.

याच बैठकीत भिंतीवर एक मोठा कागद लावून मधोमध रेघ मारा. डावीकडे 'माझ्या आत घडतं': चिडचिड, रात्री रुग्णाचा चेहरा डोळ्यांसमोर येणं, रांग पाहून छाती धडधडणं. उजवीकडे 'माझ्या बाहेर घडतं': एकच माहिती तीन ठिकाणी भरणं, रजा न मिळणं, औषधसाठा संपल्यावर शिव्या मात्र औषधनिर्मात्याने खाणं. सजगता डाव्या बाजूसाठी. उजवी बाजू केंद्रप्रमुखांची. हा कागद जपून ठेवा, शेवटी लागणार आहे.

दुसरी पायरी: वेळ, माणसं आणि शिकवणारा

वेळ ड्युटीतलाच हवा. सुट्टीच्या दिवशी बोलावून 'स्वतःची काळजी घ्या' म्हणणं ही थट्टा आहे. आठवड्यातून एकदा अडीच तास निघत नसतील, तर एक तास घ्या, पण तो पक्का असू द्या. त्या तासात कुणाला तपासणीसाठी, फोनसाठी, 'फक्त एक सही हवीय' म्हणून बाहेर ओढायचं नाही. दोन तुकड्या केल्या तर काम बंद पडत नाही.

गट बारा-पंधराचा असावा. सगळ्या पदांची माणसं एकत्र बसवावीत, स्वच्छता कर्मचाऱ्यांसकट. रागावलेला रुग्ण सगळ्यांत आधी भेटतो तो नोंदणी खिडकीवरच्या माणसाला, आणि प्रशिक्षणांच्या यादीत नेमकं त्याचंच नाव नसतं. केंद्रप्रमुख मात्र वेगळ्या तुकडीत असलेले बरे. साहेब शेजारी बसलेले असताना 'मला कामाचा वीट आलाय' असं कोण म्हणेल?

सहभाग ऐच्छिक ठेवा. हजेरीपट आणि कार्यमूल्यमापनाशी जोडलंत की सजगता संपली आणि कवायत सुरू झाली.

शिकवणाऱ्याबद्दल तीन गोष्टी तपासा. तो स्वतः काही वर्षं नियमित सराव करतो का. त्याने गटाला शिकवण्याचं रीतसर प्रशिक्षण घेतलंय का. आणि कुणी सत्रात अस्वस्थ झालं तर काय करायचं, हे त्याला ठाऊक आहे का. तिसऱ्या प्रश्नाला 'असं काही होत नाही' असं उत्तर आलं, तर दुसरा माणूस शोधा.

तिसरी पायरी: दोन मूळ सराव

पहिला, श्वासाचा. खुर्चीवर बसा. पाठ टेकलेली नको, ताठही नको. पावलं जमिनीला पूर्ण लागू द्या. डोळे मिटा किंवा नजर समोर जमिनीवर सोडून द्या. श्वास सगळ्यांत स्पष्ट कुठे जाणवतो ते शोधा: नाकपुडीशी, छातीत की पोटाशी. ती जागा धरून ठेवा. थोड्या वेळाने लक्षात येईल की आपण औषधांच्या मागणीपत्रकात पोहोचलो आहोत. मनातल्या मनात 'विचार' एवढंच म्हणा आणि परत या. चिडायचं नाही. चिडलात, तर 'चीड' म्हणा आणि परत या. सुरुवातीला पाच मिनिटं, मग हळूहळू पंधरापर्यंत.

काहींना श्वासाकडे पाहिलं की गुदमरल्यासारखं होतं. दमेकऱ्यांना होतं, मोठा आघात सोसलेल्यांना होतं. त्यांना आग्रह करू नका. तळपायांचा जमिनीशी होणारा स्पर्श, मांडीवर ठेवलेल्या हातांची ऊब किंवा खोलीतले आवाज हेही तितकेच चांगले आधार आहेत.

दुसरा, शरीराचा फेरफटका. पायाच्या अंगठ्यापासून टाळूपर्यंत लक्ष हळूहळू सरकवायचं, प्रत्येक ठिकाणी काय जाणवतं ते पाहायचं: उष्णता, मुंग्या, ताण, किंवा काहीच नाही. 'काहीच नाही' हेही उत्तर चालतं. आडवं झाल्यावर आरोग्य कर्मचारी हमखास झोपतात. रात्रपाळीचे तर दुसऱ्या मिनिटाला घोरतात. झोपू द्या, ती त्यांची गरजच असते. पुढच्या वेळी बसून करून घ्या. या सरावाचा मोठा फायदा असा, की खांदे कानाला भिडलेत, जबडा आवळलाय हे चालू ओपीडीत कळायला लागतं. राग आधी जबड्यात येतो, तोंडातून नंतर निघतो. मधली ती फट सापडणं, हेच कमावायचं आहे.

चौथी पायरी: सराव कामात पेरा

माझ्या मते प्रशिक्षणाचा खरा कस इथे लागतो. घरी पाऊण तास बसणारे मी फार थोडे पाहिले. कामाच्या आत पेरलेला सराव मात्र टिकतो, कारण त्याची आठवण काम स्वतःच करून देतं.

हात धुण्यापासून सुरू करा. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार हातांवर निर्जंतुक द्रव चोळायला २० ते ३० सेकंद लागतात आणि साबण-पाण्याने हात धुण्याची पूर्ण कृती ४० ते ६० सेकंदांची असते. हा वेळ तुम्हाला द्यावाच लागतो, दिवसातून कित्येकदा. तो सरावाचा वेळ करा. द्रवाचा गारवा, बोटांच्या बेचक्यांतला स्पर्श, अंगठ्याभोवती फिरणारा तळवा. मागचा रुग्ण इथे सोडायचा, पुढचा अजून आलेला नाही. जादा एक सेकंदही लागत नाही. वर हात जास्त नीट धुतले जातात, हा फुकटचा लाभ.

दुसरी जागा दाराची. गृहभेटीला जाणाऱ्या आरोग्यसेविकांना हे फार भावतं. दार वाजवायच्या आधी एक पूर्ण श्वास, पावलं जमिनीवर आहेत याची जाणीव, मग टकटक. दोन घरांमधली पंधरा-वीस पावलंही हाती असतात. मागच्या घरातला वाद मनात घोळवत चालायचं, की पाऊल उचललं-टेकलं हे जाणवत चालायचं, एवढाच प्रश्न.

तिसरी जागा ऐकण्याची, आणि इथे जरा थांबते. १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका गाजलेल्या अमेरिकी अभ्यासात डॉक्टर रुग्णाचं बोलणं सरासरी १८ सेकंदांत तोडतात असं आढळलं होतं. 'बोलू दिलं तर थांबणारच नाहीत' ही आपल्या सगळ्यांची भीती. स्वित्झर्लंडमधल्या बासेलच्या बाह्यरुग्ण विभागात, अडथळा न आणता बोलू दिलं तर रुग्ण किती वेळ बोलतात हे मोजलं गेलं. २००२ मध्ये आलेलं उत्तर: सरासरी ९२ सेकंद. ७८ टक्के रुग्ण दोन मिनिटांच्या आत आपणहून थांबले.

हा सराव सत्रात जोडीने करून घ्या. एकाने दोन मिनिटं बोलायचं, दुसऱ्याने फक्त ऐकायचं. सल्ला नाही, प्रश्न नाही, 'माझंही असंच झालं होतं' तर अजिबात नाही. ऐकताना आपल्या आत काय उसळतं ते पाहायचं: सुचलेलं निदान, घाई, कंटाळा, मदत करायची ऊर्मी. ते पाहायचं आणि परत समोरच्या आवाजाकडे यायचं. मग ओपीडीत दिवसातून एका रुग्णासाठी हेच करायचं. एकाच. सगळ्यांसाठी करायला गेलात तर दुपारपर्यंत सोडून द्याल. त्याच्या पुढच्या आठवड्यात एक डॉक्टरबाई हसत म्हणाल्या, "तिची डोकेदुखी मी तीन महिने गोळ्यांनी सारत होते, आणि काल दीड मिनिटात कळलं की नवऱ्याची नोकरी गेलीय."

चौथी जागा आपल्या सुरुवातीच्या आकड्याची. मोजलेला आकडा पट्टा सोडायच्या आधी हळू आवाजात रुग्णाला सांगा, मग लिहा, मग पट्टा सोडा. लस किंवा इंजेक्शन भरताना बाटलीवरचं नाव आणि मुदत ओठांनी वाचा. सवयीने होणाऱ्या हालचालीत मुद्दाम एक खीळ घालायची, म्हणजे लक्ष जागं राहतं.

फोन, संगणक उघडायला लागणारा वेळ, शिक्का मारणं, अशा आणखी जागा प्रत्येकाने आपापल्या शोधाव्यात. एका वेळी दोनच निवडा.

आठ आठवडे कसे सरकतात

पहिल्या आठवड्यात ओळख, गुप्ततेचा करार आणि एक मनुका पाच मिनिटं लावून खाण्याचा प्रसिद्ध सराव. लोक हसतात. हसू द्या. दुसऱ्यात शरीराचा फेरफटका आणि हात धुण्याचा सराव सुरू. तिसऱ्यात श्वास, आणि हळू चालणं. हा आठवडा गळतीचा असतो. 'काहीच होत नाहीये' असं वाटायला लागतं. इथे शिकवणाऱ्याने प्रत्येकाशी दोन मिनिटं वेगळं बोलावं. चौथ्यात ताण शरीरात कसा येतो ते पाहायचं. पाचव्यात ऐकण्याचे जोडीचे सराव. सहावा आठवडा अवघड प्रसंगांचा, त्याबद्दल खाली लिहिते. शक्य असेल तर या सुमारास अर्धा दिवस मौनाचा ठेवा, फोन बंद करून. दिवसभर बोलण्याचंच काम करणाऱ्यांना तो फार गोड लागतो. सातव्यात स्वतःकडे कनवाळूपणे पाहणं. आठव्यात पुढे काय, ते ठरवणं.

प्रत्येक सत्रातला निम्मा वेळ तरी बोलण्यासाठी ठेवा. नुसतं ध्यान करवून घरी पाठवू नका. रॉचेस्टरच्या कार्यक्रमातही डॉक्टर आपल्या कामातल्या प्रसंगांच्या गोष्टी एकमेकांना सांगत असत. माझाही अनुभव असा, की बऱ्याच जणांना बरं वाटतं ते 'हे फक्त मलाच होत नाही' हे कळल्यामुळे.

अवघड प्रसंगांसाठी तीन मिनिटं

नातेवाईक अंगावर धावून आला. तपासणीचा वाईट निकाल सांगायचाय. काल लस दिलेलं बाळ आज दुसऱ्याच कारणाने गेलं. अशा वेळी 'आता श्वासाकडे लक्ष द्या' म्हणणाऱ्याचा राग येतो, आणि योग्यच येतो. प्रसंग चालू असताना एवढंच जमतं: पावलं जमिनीवर, खांदे खाली, वाक्य बोलायच्या आधी एक उच्छ्वास. अंगावर धोका असेल तर तेही नको, आधी तिथून बाजूला व्हा आणि माणसं बोलवा. सजगता म्हणजे मार खाणं नव्हे.

प्रसंग सरल्यावर तीन मिनिटं काढा. औषधांची खोली चालेल, स्वच्छतागृहही चालेल. पहिलं मिनिट, आत्ता काय आहे ते पाहायचं: कोणता विचार, कोणती भावना, शरीरात कुठे काय. 'हात थरथरतायत. मला रडू येतंय. मी चुकले असं वाटतंय.' दुसरं मिनिट, लक्ष एकाच ठिकाणी, श्वासावर किंवा तळपायांवर. तिसरं मिनिट, लक्ष पुन्हा पसरायचं, सगळं शरीर, खोली, बाहेरचे आवाज. मग ठरवायचं की आता लगेच पुढचा रुग्ण बोलवायचा, की सहकाऱ्याला दहा मिनिटं सांभाळायला सांगायचं. नैराश्य पुन्हा उलटू नये म्हणून विकसित झालेल्या माइंडफुलनेस-आधारित उपचारपद्धतीतला हा सराव आहे आणि ओपीडीला तो चपखल बसतो.

इथेच एक फरक शिकवावा लागतो. दुसऱ्याचं दुःख स्वतःच्या अंगात ओढून घेणं वेगळं, आणि त्याचं भलं व्हावं या इच्छेने त्याच्या शेजारी उभं राहणं वेगळं. पहिल्याने माणूस पिळून निघतो, मग स्वतःला वाचवण्यासाठी कोरडा पडतो. आपण त्याला 'निगरगट्ट झालाय' म्हणतो, पण तो बहुधा एकेकाळी फार हळवा असलेला माणूस असतो. मेंदूविज्ञानाच्या संशोधक तान्या सिंगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयोगांत दिसलं, की केवळ सहवेदनेचा सराव केल्यावर लोकांना जास्त त्रास झाला, आणि करुणेचा सराव केल्यावर त्यांच्या मनात पुन्हा ऊबदार भावना आली. सराव साधा आहे. समोरच्याकडे पाहून मनात म्हणायचं, 'यांचा त्रास कमी होवो.' आणि तेच वाक्य दिवसातून एकदा स्वतःसाठी. दुसरा भाग परिचारिकांना सगळ्यांत जड जातो, हे मी दरवेळी पाहते.

कुणी थांबावं

डोळे मिटून आत पाहणं प्रत्येकाला मानवतंच असं नाही. काहींची धास्ती वाढते, जुने आघात वर येतात, काहींना आपण शरीराबाहेर असल्यासारखं वाटतं. अलीकडे मोठा मृत्यू किंवा हिंसा पाहिलेले, तीव्र नैराश्यात असलेले, भ्रम किंवा भासांचा आजार झालेले, व्यसनातून नुकते बाहेर येणारे, यांनी आधी मानसोपचारतज्ज्ञांशी बोलून मगच यावं. सुरुवातीला प्रत्येकाशी खासगीत पाच मिनिटं बोला आणि स्पष्ट सांगा: डोळे उघडे ठेवलेले चालतात, मध्येच उठून गेलेलं चालतं, कारण द्यायची गरज नाही. जीव नकोसा वाटतो असं कुणी बोललं तर त्याला एकटं सोडायचं नाही, त्याच दिवशी तज्ज्ञांपर्यंत पोहोचवायचं. तिथे ध्यानाचं काम नाही.

आठ आठवड्यांनंतर

सवय सहज विरते. महिन्यातून एकदा तासभर पुन्हा बसण्याची तारीख आठव्या सत्रातच वर्षभरासाठी ठरवून टाका. रोजच्या ड्युटी हस्तांतराच्या सुरुवातीला एक मिनिट शांत बसणं हा मला आवडलेला प्रकार. कुणीही चालवू शकतं, पैसे लागत नाहीत. नव्याने रुजू झालेल्यांना जुन्यांपैकी एकाने हात धुण्याचा सराव दाखवावा, बाकीचं पुढच्या तुकडीत.

तीन महिन्यांनी ती पाच वाक्यं पुन्हा भरून घ्या, खुणेच्या शब्दांसह. आकड्यांसोबत तीन प्रश्न तोंडी विचारा: झोप कशी आहे, शेवटचं कधी रुग्णावर ओरडलात, आणि सोमवारी सकाळी उठताना काय वाटतं. सरासरी सुधारली म्हणून हुरळून जाऊ नका. कुणाचे गुण घसरलेत ते आधी पाहा. कागदावर नाव नसल्यामुळे तुम्हाला फक्त शब्द दिसेल. मग सगळ्यांसमोर सांगा, की ज्याला बोलावंसं वाटतं त्याच्यासाठी अमुक माणूस अमुक वेळी मोकळा आहे, आणि त्याला खरोखर त्या वेळी मोकळं ठेवा.

मग तो मधोमध रेघ मारलेला कागद बाहेर काढा. डाव्या बाजूला काय हललं ते गटाने सांगायचं. उजव्या बाजूला काय हललं ते केंद्रप्रमुखांनी, त्याच खोलीत, त्याच लोकांसमोर. तिहेरी नोंदीतली एक तरी नोंद बंद झाली का? औषधं संपल्याची सूचना खिडकीबाहेर लावायला सुरुवात झाली का, की अजूनही औषधनिर्माताच तोंडी सांगतोय? रजेचा तक्ता महिनाभर आधी लागतो का? उजव्या बाजूची एकही ओळ खोडली गेली नसेल, तर दुसरी तुकडी सुरू करू नका. आधी एक ओळ खोडा.